आठवी मूठ

जळगाव,
२२ जुलै २०२४

प्रिय दिपमाला,

कार्यशाळेचे तीन दिवस पहिल्या बाकावर बसलीस आणि माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवलीस. डी.एड.च्या वसतिगृहात मी काही सांगितलं की तू उशी फेकून मारायचीस. बारा वर्षांत एवढी सुधारणा झाली असेल, तर तुझ्या तिसरीच्या वर्गातल्या पोरांचं मला फार वाईट वाटतं.

पत्र लिहितेय कारण तुझ्या व्हॉट्सअॅपवर दोन अंगठे आणि एक गुलाब यापलीकडे काही येत नाही. शिवाय कार्यशाळेचा नियमच आहे की चित्रीकरण करताना काय पाहिलं ते हाताने लिहून कळवायचं. बाकीचे अकरा शिक्षक मला 'आदरणीय मॅडम' म्हणून लिहितील. तू तसं लिहिलंस तर पाकीट परत पाठवीन.

काम पुन्हा सांगते. सहा मिनिटांचा लघुपट, फोनवर काढलेला. स्वतःच्या घरात हाताने होणारं एखादं काम. मागे गाणं नको, तुझाच आवाज हवा. सप्टेंबरात इथे शिक्षकांपुढे दाखवायचा आणि १४ डिसेंबरला विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात सगळ्यांसाठी खुला खेळ. गेल्या वर्षी त्या खेळाला अठरा माणसं होती. त्यातले दोन पहारेकरी आणि एक जण सावली शोधत आलेला. यंदा मला सभागृह भरलेलं पाहायचंय, आणि ते मी भरणार.

तुझी,
संघमित्रा


दोंडाईचा,
१४ ऑगस्ट २०२४

आदरणीय मॅडम,

पाठव परत, बघू!

मित्रा, लघुपट झाला आणि झकास झाला. कशावर, ते ऐक. परवाच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसली. तुमच्याकडे कानबाई नसते म्हणून थोडक्यात सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला डोळे, नथ, साडी असा साज करून देवी मांडतात, सोमवारी विसर्जन. आमच्या सगळ्या भाऊबंदकीची, म्हणजे कुळातल्या सगळ्या घरांची, कानबाई आमच्या ओट्यावर बसते. तिच्यासाठी रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, करतात. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू जात्याजवळ काढायचा. तेवढाच दळायचा, त्याचेच रोट. बाकीची गल्ली आता गिरणीवर जाते, पण आमच्या सासूबाई, म्हणजे अक्का, एका दिवसासाठी का होईना जातं मांडतात.

दरवर्षी त्यांच्यासमोर मंजुळाकाकी बसायच्या. मंजुळाकाकी म्हणजे आमचे चुलत सासरे अभिमन आबा यांची बायको. त्या फाल्गुनात गेल्या. यंदा अक्का मला म्हणाल्या, "तू बठ समोर." मी म्हटलं, अक्का, मला हे सगळं फोनमध्ये घ्यायचंय, मी बसले तर घेणार कोण? त्यांनी खुंटा हातात घेतला. एकट्यानेच दळलं. सत्तर वर्षांची बाई, पण खुंटा असा फिरवते की बघत राहावं.

संध्याकाळी कौतुकाने त्यांना फोनवर दाखवलं. आधी हसल्या, मग मध्येच फोन परत देत म्हणाल्या, "हाई बाहेर दखाडू नको." कारण विचारलं तर उठून गेल्या. पण कारण मला ठाऊक आहे. कानबाईचे रोट भाऊबंदकीबाहेर कोणाला देत नाहीत. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही. उरले तर आम्हीच संपवायचे, अगदीच राहिले तर जमिनीत पुरायचे. द्यायचे नाहीत तर दाखवायचे तरी कसे, असं त्यांच्या मनात आलं असणार.

आता तूच सांग. मेहनत माझी, काम सुंदर झालंय, आणि अडलंय ते रोटावर.

दिपमाला


जळगाव,
२७ ऑगस्ट २०२४

दिपे,

पाकीट परत पाठवलं नाही, कारण आतला मजकूर बरा निघाला.

मी यावलला वाढले. बाबांची एसटीत नोकरी, शेजारी पाच-सहा घरांत कानबाई. श्रावणातल्या त्या रविवारी सगळ्या गल्लीत रोटांचा वास सुटायचा आणि माझी जिवलग मैत्रीण, जी एरवी अर्धी कैरी दिल्याशिवाय खायची नाही, ती त्या दिवशी दार लावून घ्यायची. मी आईला विचारलं, आपण बौद्ध म्हणून का? आई म्हणाली, कधी कधी तसंही असतं, पण हे तसलं नाही, त्या पलीकडच्या पाटलांनासुद्धा देत नाहीत. मला एकदम बरं वाटलं. तेव्हा रोट न मिळण्याचा मला पुरेसा अनुभव आहे आणि त्या अधिकाराने सांगते की डोळ्यांनी रोट संपत नाही.

तुझ्या अक्कांना म्हणावं, आम्ही फक्त बघू, तोंड उघडणार नाही. तू लघुपट घेऊन ये. आधी बारा शिक्षकच बघतील. डिसेंबरचं नंतर ठरवू.

संघमित्रा


दोंडाईचा,
९ सप्टेंबर २०२४

मित्रा,

कार्यशाळेला मला येता येणार नाही, शाळेत दुसऱ्या बाई रजेवर गेल्यात. म्हणून लघुपट पेनड्राइव्हमध्ये घालून आमच्या केंद्रातल्या सरांबरोबर पाठवतेय. निवेदन मी चार वेळा केलं. 'सात पुरुषांच्या सात मुठी' हे वाक्य ऐकशीलच. ते सात म्हणजे आबा, त्यांचे तीन मुलगे, एक नातू, आमचे हे म्हणजे नवल, आणि धाकटा दीर रविंद्र.

अक्कांना मी तुझं म्हणणं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुले जे करनं व्हई ते कर." हा होकार नव्हे, एवढं मला कळतं. तरी पाठवतेय. मला हा खेळ हवाय, मित्रा. अकरा वर्षं या घरात मी कोणाची तरी सून, कोणाची तरी बाई आहे. एकदा तरी पडद्यावर माझं नाव यावं आणि खाली माझं काम दिसावं.

दिपमाला


जळगाव,
२४ सप्टेंबर २०२४

प्रिय दिपमाला,

पहिलं हे की लघुपट उत्तम आहे. अक्कांचे हात, पिठाची धार, जात्याचा आवाज. अकराजणांच्या वर्गात कोणी खोकलं नाही.

दुसरं असं. संपल्यावर पहूरचे सुपडू सर उभे राहिले. गणित शिकवतात, त्यांना काहीही दाखवलं की ते मोजतात. म्हणाले, "मॅडम, बाई सात म्हणतात, पण मुठी आठ आहेत." सगळे हसले. आम्ही मागे नेऊन पुन्हा पाहिलं. सर बरोबर आहेत. सात वेळा अक्का नाव घेतात, ते स्वच्छ ऐकू येतं. मग त्या दाराकडे एकदा बघतात, आणखी एक भरलेली मूठ काढतात, वर चिमूटभर. ओठ हलतात. आवाज नाही.

मला वाटतं, तुझ्या अक्कांची अडचण रोटाची नसावी. निवेदन बदलायचं की ती मूठ काढून टाकायची, हे तू ठरव. पण आधी ती कोणाची ते विचार.

संघमित्रा


दोंडाईचा,
२ ऑक्टोबर २०२४

संघमित्रा,

विचारायची गरज नाही. मला कळलं ती कोणाची.

नातवाची. जो झालाच नाही त्याची.

मेघा झाल्यावर डॉक्टरांनी मला दुसरं मूल नको म्हणून सांगितलं. तेव्हा अक्का एक शब्द बोलल्या नव्हत्या, आणि मी सगळ्या जगाला सांगत फिरले की माझी सासू कशी लाखात एक. पोटात काय होतं ते आता दिसलं. माझी नऊ वर्षांची पोर शेजारी उभी राहून गहू निवडतेय, तिच्या नावाचा दाणा नाही, आणि न जन्मलेल्याच्या नावाने सव्वा मूठ! मी तो तुकडा वीस वेळा पाहिला. प्रत्येक वेळी जास्त संताप आला.

एक दाणाही कापू नकोस. तसाच दाखव. मी परवा आबांच्या घरी जाऊन सांगून आले की चौदा डिसेंबरला सगळ्या भाऊबंदकीने जळगावला यायचं, आपल्या कानबाईचा सिनेमा लागतोय. आबा एवढे खूश झाले की त्यांनी तिथल्या तिथे गाडी ठरवली. सगळ्यांनी बघावं, मोजावं आणि भर सभागृहात अक्कांना विचारावं. मी विचारणार नाही.

दिपमाला


जळगाव,
१५ ऑक्टोबर २०२४

दिपे,

पोरांनी प्रश्नपत्रिका न वाचता उत्तर लिहिलं तर तू काय करतेस? कान धरतेस. माझा हात दोंडाईच्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून पत्रावर भागवते. तू अजून विचारलेलं नाहीस. 'मला कळलं' हे वाक्य तू वसतिगृहातही म्हणायचीस आणि मग आम्ही चुकीच्या गाडीत बसायचो.

आता माझा गुन्हा ऐक. मी ऑगस्टमध्येच तुझा लघुपट खेळात पहिला ठेवला आणि पत्रिका छापून टाकली. तेव्हा मी तो पाहिलाही नव्हता, आणि अक्का नको म्हणाल्यात हे मला माहीत होतं. सभागृह भरायच्या नादात मी तुला गोड बोलले. हे तुझ्यापासून लपवायला नको होतं. लाज वाटतेय.

पत्रिका बदलता येते. अक्का नको म्हणाल्या तर पहिला लघुपट दुसऱ्या कोणाचा लावीन. पण त्यांच्यासमोर बस आणि विचार. उभ्याने नको.

संघमित्रा


दोंडाईचा,
६ नोव्हेंबर २०२४

मित्रा,

तू माझा कान धरायला इथे हवी होतीस.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी घर रिकामं होतं. अक्का शेंगा फोडत होत्या. मी समोर बसले आणि विचारलं, आठवी मूठ नातवाची ना? अक्कांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग त्या म्हणाल्या, "नातूनी? तुले असं वाटनं?" आणि मित्रा, माझ्या सासूच्या डोळ्यांत मी अकरा वर्षांत पहिल्यांदा पाणी पाहिलं.

नंतर त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत देते. "आठवी मूठ दयनारनी शे. दयनारी दोन व्हतीस, मंजुळा अर्धी टाके, मी अर्धी. मनी सासूनी माले हाई जातावरच सांगेल व्हतं, आनि तिले तिनी सासूनी. जातावर बठल्याबिगर सांगतस नही. यंदा तुले सांगणार व्हती. पन तू बठनीच कोठे? तू ते फोन धरीसन उभी."

म्हणजे कळलं ना? दळणाऱ्या बायकांची मूठ. बायकांचं नाव त्या गव्हात नसतं, म्हणून दळणाऱ्या दोघी अर्धी-अर्धी मूठ स्वतःच्या नावाची टाकतात, मनातल्या मनात नाव घेतात आणि कोणाला सांगत नाहीत. किती पिढ्या, ते अक्कांनाही ठाऊक नाही. यंदा ती माझ्या हाती यायची होती, आणि मी म्हटलं, घेणार कोण?

आता संकट बघ. अक्का भितात ते आबांना. कानबाईच्या कामात एक दाणा इकडचा तिकडे झालेला आबांना चालत नाही. जाणूनबुजून सव्वा मूठ जास्त, तीही बायकांची, आणि तीही पिढ्यान्पिढ्या चोरून! ते ओटा बदलतील. कानबाई त्यांच्या घरी नेतील. अक्का सतराव्या वर्षी या घरात आल्या तेव्हापासून ती या ओट्यावर बसते. आणि त्या आबांना गाडी करून जळगावला पाठवायची व्यवस्था मीच करून ठेवलीय. आता लघुपट मागे घेतला तर आबा का म्हणून विचारतील. म्हणून हात जोडते, आठवी मूठ कापून टाक. सात राहू दे. कोणाला कळणार नाही.

(इथपर्यंत मी मोठ्याने वाचत लिहिलं. अक्का शेजारीच आहेत. म्हणतात, आता मी सांगते ते लिही.)

'संघमित्राबाईले रामराम. कापू नको. मन्हा हात शे तो, चोरना नही. सुनले नातूनी वाटनी, मंग दपाडीसन काय मियनं? ती सात म्हनस ते खोटं शे, ते बदली टाक. आठ म्हन. मी सोता येसू.'

लपवून काय मिळालं म्हणतात, आणि स्वतः येणार आहेत. सही करता का विचारलं तर म्हणाल्या, नाव लिही. म्हणून लिहिते: भागाबाई.

दिपमाला


जळगाव,
१६ डिसेंबर २०२४

प्रिय दिपमाला,

नेमकी त्याच शनिवारी तुमच्या शाळेची तपासणी लागली. तुझी खुर्ची मी शेवटपर्यंत रिकामी ठेवली होती. घरच्यांनी तुला काय झालं ते सांगितलं असेल, पण आबा आणि अक्का या दोघांपैकी कोणी नीट सांगितलं नसणार, म्हणून लिहिते.

सभागृह भरलं. खोटं नाही, मागे माणसं उभी होती. यावल, जामनेर, धुळे, सगळीकडचे शिक्षक आपापली घरं घेऊन आले होते. तुमची भाऊबंदकी दुसऱ्या रांगेत, आबा मध्यभागी, पांढरी टोपी, हातात काठी. अक्का त्यांच्यामागच्या रांगेत माझ्या शेजारी. त्यांनी माझा हात धरला होता.

पडद्यावर 'दिपमाला' आलं. कार्यशाळेतल्या दोन बाई पुढे बसल्या होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मुठी सुरू झाल्या. आबा प्रत्येक नावाला मान हलवत होते, आपल्या नातवाच्या नावाला तर मोठ्याने "हां" म्हणाले. सात झाल्या. ते मागे टेकले. आणि आठवी पडली. तुझा नवा आवाज आला: 'आणि ही आठवी, दळणारीची.'

आबा वळले. खेळ चालू, अंधार, आणि हा माणूस सरळ उभा राहून मागे बघतोय. "वहिनी, हाई आठवी कोनी?"

अक्का बसूनच म्हणाल्या, "मनी." मी त्यांचा हात घट्ट धरला. त्या पुढे म्हणाल्या, "अर्धी मनी. अर्धी मंजुळानी. बावन साल आम्ही दोन्हीजनी टाकी ऱ्हायनूत."

सभागृहात जात्याचा आवाज तेवढा येत होता. मागच्या लोकांनी "बसा बाबा" म्हटलं तरी आबांना ऐकू आलं नाही. मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मंजुळा बी?" अक्का म्हणाल्या, "ती बी."

ते बसले. काठी मांडीवर आडवी घेतली आणि लघुपट संपेपर्यंत पडद्याकडेच बघत राहिले. दिवे लागल्यावर पाहिलं तर टोपी हातात होती. मी घाबरतच जवळ गेले. मला वाटलं, आता ओटा जातो. ते माझ्याकडे न बघता अक्कांना म्हणाले, "दर साले रोट पुरीसन कसा उरतस, ते आते समजनं." आणि टोपी डोक्यावर घालत, "पुढला साले नाव लिसन टाक. दपाडू नको."

नंतर सुपडू सर त्यांना शोधत आले आणि म्हणाले, आठ मी मोजल्या होत्या. आबांनी त्यांना चहा पाजला.

मी हे काम सहा वर्षं करतेय, दिपे. पडद्यावरचं बघून माणसं रडलेली, भांडलेली पाहिली. पण पडद्यावरचं मोजून घरातली चाल बदलणारा पहिलाच माणूस पाहिला. पुढच्या वर्षी कानबाईला मी येऊन चित्रीकरण करू का? रोट मागणार नाही, शप्पथ.

संघमित्रा


दोंडाईचा,
४ ऑगस्ट २०२५

प्रिय मित्रा,

कानबाई आत्ताच वाजतगाजत नदीवर गेली. ओटा आमचाच. अक्कांनी तुला येऊ दे म्हटलं होतं आणि तुझ्या परीक्षांनी घोळ घातला, तेव्हा माझ्यावर रुसू नकोस. चित्रीकरण मी केलेलं नाही. फोन कपाटात होता.

मी जात्यावर बसले. अक्का एका बाजूला, मी दुसऱ्या. मेघा गहू पुढे सारत होती. ती गोष्ट तिनेही ऐकली, अक्कांनी मुद्दाम मोठ्याने सांगितली. आबा ओट्यावर, दाराकडे पाठ करून बसलेले. सात नावं झाली. मग अक्कांनी अर्धी मूठ उचलली आणि म्हणाल्या, "भागाबाई." उरलेली अर्धी मी उचलली आणि शाळेत हजेरी घेते तसं खणखणीत म्हटलं, "दिपमाला."

आम्ही खुंट्याला हात घातला, उरलेला गहू सुपात सारून ठेवला. तेवढ्यात ओट्यावरून, पाठ तशीच ठेवून, आबा म्हणाले,

"मंजुळानं नाव राही गयं."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी खुंटा सोडला आणि सूप पुन्हा पुढे ओढलं.

दिपमाला